तळटीप : रिहे खोरे

१. रिहे खोरे : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले रिहे व भोवतालची गावे. पिरंगुट मागे टाकून घोटवडे फाट्याला पौडचा रस्ता सोडला की घोटवड्यावरून इकडे जाता येते. व्हिएतनाममधल्या होई आनच्या मुक्कामात लेखकाला रिहे आठवते, ते भातामुळे. मुळशी हा आंबेमोहोराचा मुलूख. आषाढात चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकून लावणी करतात, बांधावर रोपांच्या जुड्या टाकलेल्या असतात. (इरल्याची जागा आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे.) होई आनच्या वेशीबाहेरही अशीच भातशेती आहे.

होई आनच्या मुक्कामाच्या त्या दिवशी लेखकाने सायकल चालवली नाही, याला कोणी आळस समजू नये. लांबच्या सफरीत असा दिवस साखळी पुसून तेल देण्याचा, ब्रेक तपासण्याचा आणि पायी गाव पाहण्याचा असतो. होई आनमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे : जपानी पूल, चिनी व्यापाऱ्यांची सभागृहे, थू बॉन नदीचा काठ. १९९९ पासून हे जुने बंदर जागतिक वारसा आहे. सायकलवरून इकडे येणारा लेखक काही पहिला नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलींवर जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परतले. तेही याच भागातून, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनातून आले होते.

रिहे खोरे पावसाळ्यात सायकलवरून जरूर पाहावे. फक्त लावणी झालेल्या खाचरांच्या बांधावर सायकल घालू नये.