आजीव सभासदांचें व्रत

संस्थेची इमारत देणगीनें उभी राहते. पण संस्था टिकते ती कशावर, हें पाहावयाचें तर पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आरंभकाळ आठवावा.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ सालीं सोसायटी स्थापन झाली व पुढल्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें सेवा करावी, ही मूळ योजना होती.

वाद उठला तो याच व्रतावरून. जेझुइट पाद्र्यांप्रमाणें सेवकाचा सारा वेळ व सारी कमाई संस्थेचीच, असें टिळकांचें म्हणणें. शाळेचें काम चोख करून उरलेल्या वेळांत बाहेर कांहीं मिळविलें तर बिघडलें काय, संसार कोणाला सुटले आहेत, असा प्रतिपक्षाचा सवाल. गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, तेंही निमित्त झालें. १८९० सालीं टिळक बाहेर पडले.

पुढें काय झालें? आगरकर १८९५ सालीं प्रिन्सिपॉल असतांनाच वारले. गोखल्यांनीं १९०२ पर्यंत सेवा केली आणि १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापला. त्याच्या प्रतिज्ञांत, सभासदानें स्वतःसाठीं पैसा मिळविण्यांत शक्ति खर्चूं नये, हें कलम घातलें. प्रतिपक्षाचा नियम त्यांनीं आपण होऊन स्वीकारला.

मात्र त्याच प्रतिज्ञेंत सेवकाच्या कुटुंबाची तरतूद समाजानें करावी, हेंही गृहीत आहे. त्याग मागणाऱ्यांनीं तेवढें विसरूं नये.