रेल्वे सिम्युलेटर : घाटमार्गावरील कामगिरी

कर्जत–लोणावळा यांसारखा घाटमार्ग संगणकावर चालवताना चित्र अडखळू नये, म्हणून सिम्युलेटरच्या मांडणीत आणि संगणकात करावयाचे फेरफार. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर हा खेळ २००१ मध्ये आला. त्यासाठी तयार झालेले मार्ग, इंजिने आणि डबे चालवू शकणारा ओपन रेल्स हा मोफत, मुक्तस्रोत कार्यक्रम पुढे स्वयंसेवकांनी उभा केला. भारतीय रेल्वेप्रेमींनी हौसेने बनवलेल्या गाड्यांचा मोठा साठा याच घराण्यातला आहे.

कर्जत–लोणावळ्यादरम्यानच्या भोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने जड गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात. सिम्युलेटरच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. प्रत्येक वाघिणीचे वजन, कपलिंगवरचा ताण, ब्रेकनळीतील हवेचा दाब आणि पुढच्या-मागच्या इंजिनांचा जोर यांचा हिशेब सेकंदाला अनेकदा नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब ग्राफिक्स कार्डाचा नसून प्रोसेसरचा. त्यामुळे महागडे कार्ड बसवूनही लांब मालगाडी घाटात अडखळतेच, आणि हौशी चालक नाहक कार्डाला दोष देतो.

म्हणून आधी निदान करावे. ओपन रेल्समध्ये एफ-५ दाबून माहितीचा पट उघडावा आणि त्याची पाने उलटत जावे. एका पानावर प्रति सेकंद फ्रेमसंख्या आणि चित्र रेखाटणे, गाड्यांचे गणित, पुढचा भूभाग उचलणे व आवाज या कामांचा भार वेगवेगळा दिसतो. गणिताचा भार चढलेला असेल तर वाघिणी कमी कराव्यात, शेजारच्या मार्गिकांवरच्या गाड्या घटवाव्यात. भूभाग उचलताना झटके बसत असतील तर मार्ग एसएसडीवर हलवावा. भूमी सुमारे २ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत साठवलेली असते आणि गाडी पुढे सरकेल तसे नवे चौकोन डिस्कवरून येतात.

रेखाटनाचा भार असेल तर दृश्य-अंतर हा पहिला संशयित. ठाकुरवाडी ओलांडून मंकी हिलकडे चढताना उल्हास नदीचे खोरे उघडते. पलीकडे राजमाची आणि तिच्या पायथ्याशी, कोंडाण्याची लेणी पोटात घेतलेले जंगल. राजमाचीचा डोंगर दिसावा म्हणून दृश्य-अंतर थेट वाढवले, तर मधल्या खोऱ्यातले प्रत्येक झाडही रेखाटावे लागते आणि फ्रेमसंख्या कोसळते. यावर उत्तम तोड म्हणजे जवळचे अंतर २,००० मीटरवर ठेवून ‘दूरचे डोंगर’ हा स्वतंत्र पर्याय चालू करणे. मार्ग बनवणाऱ्याने त्यासाठीचा भूभाग दिलेला असावा लागतो. तो असेल तर हे डोंगर ढोबळ जाळीवर उमटतात आणि स्वस्तात पडतात. त्यानंतर हलत्या सावल्या बंद कराव्यात आणि वस्तूंची घनता एकेक पायरी उतरवावी. कर्जत यार्डात याचा फरक लगेच कळतो.

लॅपटॉपवर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात : खेळ स्वतंत्र ग्राफिक्स चिपवरच चालतो आहे ना, आणि चार्जर लावलेला आहे ना. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो. उन्हाळ्यात दुपारी हा अनुभव हमखास येतो.

६० फ्रेमचा हट्ट या प्रकारच्या खेळात फारसा अर्थाचा नाही. ६० साठी प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३. नेमबाजीच्या खेळात हा फरक जिंकणे-हरणे ठरवतो. चढावर रांगणाऱ्या मालगाडीत तो जाणवतही नाही, जाणवतात ते मध्येच बसणारे झटके. एका वेळी एकच पर्याय बदलावा, तीच गाडी पळसदरीपासून पुन्हा चालवावी आणि आकडे ताडून पाहावेत. संथ, न डगमगणारे ३० फ्रेम मिळाले की घाट चालवायला तेवढे पुरेसे आहेत.