दिनविशेष : ७ नोव्हेंबर १९१६

जॅनेट रँकिन अमेरिकी संसदेवर निवडून आल्या तो हा दिवस. अमेरिकेच्या संसदेत निवडून आलेली ही पहिली स्त्री! देशभरातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळायला अजून चार वर्षं होती.

त्या निवडून आल्या मोंटानातून. मोंटाना म्हणजे गहू, गुरं आणि खाणी यांचं राज्य. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठं, वस्ती मात्र विरळ. तिथल्या स्त्रियांनी १९१४मध्येच मताधिकार मिळवला होता आणि त्या लढ्यात रँकिन आघाडीवर होत्या. प्रतिनिधिगृहाच्या दोन जागांसाठी अख्खं राज्य हाच मतदारसंघ होता. रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत त्यांनी सात पुरुषांना मागे टाकलं. भाऊ वेलिंग्टन प्रचाराची सूत्रं सांभाळत होता. त्या स्वतः गावोगाव फिरत, रस्त्याच्या कोपऱ्यावर, शाळेच्या खोलीत बोलत. मुद्दे रोखठोक होते : स्त्रियांना देशभर मताधिकार, मुलांचं कल्याण, दारूबंदी आणि युद्धापासून दूर राहणं.

मतमोजणी रेंगाळली. त्या हरल्याच्या बातम्याही आल्या. अखेर डेमोक्रॅट जॉन इव्हान्स पहिले आणि रँकिन दुसऱ्या ठरल्या, म्हणजे दुसरी जागा त्यांचीच.

दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे विशेष. एप्रिल १९१७मध्ये महायुद्धात उतरण्याविरुद्ध ५० मतं पडली, त्यांत त्यांचं एक होतं. पुढे १९४०मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. ८ डिसेंबर १९४१ला जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ जणांनी होकार दिला, नकार एकट्या रँकिन यांचा. संतापलेल्या गर्दीपासून वाचण्यासाठी त्या टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबल्या.