सँ पिएर

मार्तिनिक या कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील गाव, स्थापना १६३५. राजधानी फोर-द-फ्राँस असली तरी साखर-रमचा व्यापार, नाट्यगृह, वर्तमानपत्रे असा सगळा थाट इथलाच, म्हणून याला ‘अँटिलीजचे पॅरिस’ म्हणत. ८ मे १९०२ रोजी सकाळी आठच्या सुमारास, जेमतेम ७ किमी अंतरावरील पेले ज्वालामुखीतून तप्त वायू व राखेचा लोट सुटला आणि काही मिनिटांत शहरासह सुमारे २८,००० माणसे संपली. बोटांवर मोजण्याइतके वाचले. त्यांतला सिल्बारिस हा अंधारकोठडीतला कैदी.

या मृत्यूंचे खापर बहुधा निवडणुकीवर फोडले जाते. संसदेसाठीच्या मतदानाची पहिली फेरी २७ एप्रिलला झाली होती, दुसरी ११ मेला व्हायची होती. मतदार पांगू नयेत म्हणून गव्हर्नर लुई मुते यांनी लोकांना अडवून धरले, असा आरोप. तो चटकन पटतो, पण टिकत नाही. मुते स्वतः ७ मेला पत्नीसह इथे आले आणि या उद्रेकात दोघेही गेले. त्या आठवड्यात काही लोक शहर सोडत होते, तसे डोंगरउतारावरचे अनेक जण आसरा म्हणून शहरातच येत होते. १८५१ च्या उद्रेकात थोडी राख पडून भागले होते, तीच आठवण सोबतीला. ५ मेला चिखलाच्या लोंढ्याने गेरँ साखर कारखाना गाडला, हा इशारा नव्हता काय? होता, पण तो नदीकाठापासून दूर राहण्याचा इशारा म्हणून वाचला गेला. सरकारी समितीनेही दऱ्यांच्या दिशा पाहून शहर सुरक्षित ठरवले. डोंगराचा लोट दऱ्या सोडून हवेसारखा धावत येईल, हे कोणाच्या हिशेबातच नव्हते. लोटाला आडव्या भिंती भुईसपाट आणि त्याच्या दिशेने धावणाऱ्या भिंती उभ्या, हे अवशेषांत दिसले तेव्हा त्याची चाल उमगू लागली.

म्हणूनच त्या वर्षीचा खरा दोष मे महिन्यात नाही, ऑगस्टमध्ये शोधायला हवा. २० मेला पुन्हा तसाच लोट आला. ९ जुलैचा लोट दोन ब्रिटिश अभ्यासकांनी होडीतून डोळ्यांनी पाहिला. आता अज्ञानाची सबब उरली नव्हती. तरी सरकारला उत्तरेतून आलेल्या निर्वासितांच्या शिध्याचा भार नको झाला आणि त्यांना उत्तरेकडे परत पाठवण्याचा रेटा सुरू झाला. मधल्या काळात डोंगर शांत भासत होता, हे खरे. पण शांतता फसवी असते हे त्याने तीन महिन्यांत पुरेसे दाखवले होते. ३० ऑगस्टला, मे महिन्यात बचावलेले मोर्न रूझ गाव लोटात सापडले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. तेव्हा निवडणूक कुठलीच नव्हती. मुते मेलेले असल्याने मे महिन्याचा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे गेले, एवढेच.

सँ पिएरची नगरपालिका १९१० मध्ये रद्द झाली, १९२३ मध्ये पुन्हा स्थापन झाली. राजधानीचा मान १९०२ मध्येही नव्हता. व्यापाराचा मात्र फोर-द-फ्राँसकडे कायमचा गेला. १९३३ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात चर्चची अवजड काशाची घंटा ठेवली आहे, पिठाच्या गोळ्यासारखी चेपलेली.