टूर डिव्हाइड शर्यत : साधनसामग्री आणि पूर्वतयारी

टूर डिव्हाइड ही उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांमधून जाणारी दीर्घ पल्ल्याची स्वावलंबी सायकल शर्यत आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील बॅन्फ या गावी ती सुरू होते आणि अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्स या नाक्यावर संपते. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर असून वाटेतील सर्व चढांची बेरीज ६० हजार मीटरच्या आसपास भरते. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सर्वांनी एकत्र निघण्याचा प्रघात आहे. प्रवेशशुल्क नाही आणि बक्षीसही नाही. अंथरूण, कपडे, अन्न व दुरुस्तीची हत्यारे सायकलीवरच बांधून केलेल्या अशा प्रवासास बाइकपॅकिंग म्हणतात. या शर्यतीत सामानाची निवड हा सोयीपुरता प्रश्न नसून प्रसंगी जिवाशी निगडित असा निर्णय ठरतो.

मार्ग आणि इतिहास

शर्यतीचा बहुतेक मार्ग ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन या संस्थेने १९९० च्या दशकात आखलेल्या ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक रूटवरून जातो. खंडाच्या जलविभाजक रेषेवरून त्याला हे नाव मिळाले. या रेषेच्या पश्चिमेस पडलेले पाणी पॅसिफिककडे, तर पूर्वेस पडलेले अटलांटिकच्या बाजूस वाहत जाते. मार्ग ही रेषा सुमारे तीस वेळा ओलांडतो. कोलोरॅडोतील इंडियाना खिंड हा त्यातील सर्वांत उंच बिंदू सुमारे ३,६३० मीटरवर आहे. रस्ता बहुतांशी कच्चा आहे.

१९९९ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड याने अमेरिकेतील मार्ग एकट्याने १८ दिवस ५ तासांत पार केला. २००४ मध्ये ग्रेट डिव्हाइड रेस आणि २००८ मध्ये बॅन्फपासून निघणारी टूर डिव्हाइड सुरू झाली. २०१५ मध्ये लेल विल्कॉक्स हिने १७ दिवस १ तास ५१ मिनिटे असा महिलांचा विक्रम केला. त्या वर्षी ती अलास्काहून बॅन्फपर्यंतही सायकलनेच आली होती. पूर्वतयारीचे यापेक्षा सरळ उदाहरण सापडणे कठीण. २०१६ मध्ये ब्रिटनच्या माइक हॉलने १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांची नोंद केली. तोही विक्रम पुढे मोडला गेला. सामान्य स्पर्धकास मात्र तीन ते चार आठवडे लागतात.

स्वावलंबनाचा नियम

महाराष्ट्रातील वाचकांस ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत अधिक परिचित आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघाने पूर्ण केली होती. तेथे स्पर्धकामागे गाडी असते आणि जेवण, औषध, सुटे भाग पुरवणारे पथक असते. टूर डिव्हाइडमध्ये असे काही चालत नाही. दुकान, खानावळ, लॉज, सायकलदुरुस्ती केंद्र, टपाल कार्यालय अशा सर्वांना खुल्या असलेल्या सेवा वापरता येतात, पण मित्राने वाटेत आणून दिलेला टायर किंवा आधी लपवून ठेवलेले अन्न निषिद्ध आहे. मार्ग सोडावा लागल्यास जेथे सोडला तेथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. देखरेख करणारे पंच नसल्याने नियमपालन मुख्यतः स्पर्धकाच्या सचोटीवर सोपवलेले आहे. सामानाची यादी या नियमातूनच ठरते. जे सोबत नाही ते पुढच्या गावापर्यंत मिळणार नाही, आणि पुढचे गाव शंभर-दीडशे किलोमीटरवरही असू शकते.

सायकल

बहुसंख्य स्पर्धक २९ इंची चाकांची माउंटन बाइक वापरतात. पुढील फाट्यास झटके शोषणारी यंत्रणा असावी की नसावी यावर मतभेद आहेत. ती हातांना आराम देते, पण वजन वाढवते आणि बिघडल्यास रानात दुरुस्त होत नाही. मागील चाकाची अशी यंत्रणा बहुतेक जण टाळतात. टायर साधारण दोन ते सव्वादोन इंच रुंद व ट्यूबविरहित असतात. आतील द्रव लहान छिद्रे आपोआप बुजवतो. तरीही मोठ्या चिरेसाठी एक-दोन ट्यूब जवळ ठेवतात. गिअरची निवड करताना सपाटीवरील वेगाकडे पाहण्यापेक्षा लादलेली सायकल थकलेल्या पायांनी चढावर चालवता येईल का, हे पाहणे योग्य.

प्रकाश व वीज यांसाठी पुढील चाकाच्या तुंब्यात डायनॅमो बसवण्याची पद्धत रूढ आहे. त्याची मर्यादा नवख्यांच्या ध्यानात येत नाही. लांब चढावर चाक इतके सावकाश फिरते की उपकरणे भारित होतच नाहीत. म्हणून दिवसा वेगाच्या टप्प्यांत पॉवर बँक भरून घ्यावी लागते आणि एक स्वतंत्र डोक्यावरचा दिवाही लागतो.

सामान बांधण्याची पद्धतही बदलली आहे. पूर्वीचे कॅरिअर व दोन्ही बाजूंच्या झोळ्या खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनी सैल होत आणि त्यांचे बोल्ट तुटत. आता सांगाड्याच्या त्रिकोणात, सीटमागे आणि हँडलवर पट्ट्यांनी आवळलेल्या पिशव्या वापरतात. जड वस्तू त्रिकोणात तळाशी, हलके अंथरूण हँडलवर आणि दिवसभर लागणारे खाणे हाताशी, अशी मांडणी केल्यास उतारावर सायकल स्थिर राहते.

चिखल

मोंटाना, वायोमिंग आणि न्यू मेक्सिको यांतील काही रस्त्यांवरची चिकणमाती पावसात अशी होते की स्पर्धकांनी तिला ‘डेथ मड’ म्हणजे मरणचिखल असे नाव दिले आहे. काळ्या रानातील पाऊसवाटेने जो गेला आहे त्याला याची कल्पना येईल. माती टायरवर थरांवर थर चढते, फाटा आणि चाक यांमधील जागा भरते व चाक फिरेनासे होते. अशा वेळी पेडलवर जोर दिल्यास चेन सरकवणारा डेरेलर मोडून चाकात अडकतो. अनेकांची शर्यत अशा रीतीने संपली आहे. उपाय साधे आहेत : टायर व फाटा यांत भरपूर मोकळी जागा असलेली सायकल निवडणे, माती खरवडण्यास पट्टी किंवा काटकी वापरणे, डेरेलर ज्या तुकड्यावर बसतो तो जास्तीचा जवळ ठेवणे, आणि कधीकधी आडोशाला थांबून रस्ता वाळू देणे. चिखल-धुळीत ब्रेकचे पॅड लवकर झिजतात, म्हणून तेही सोबत असावेत. चेनचे जोडदुवे, तेल, स्पोक, बहुउपयोगी हत्यार, सुई व जाड दोरा हे उरलेले साहित्य मूठभर होते. मात्र वापरता न येणारे हत्यार म्हणजे निव्वळ ओझे.

थंडी, पाऊस आणि झोप

सर्वांत अवघड निवड येथेच करावी लागते. जूनमध्ये कॅनडा व मोंटानातील खिंडींत बर्फ शिल्लक असते, तर दोन-तीन आठवड्यांनी न्यू मेक्सिकोत कडक ऊन लागते. सामान मात्र एकच. २०२२ च्या जूनमध्ये शर्यतीच्या प्रारंभीच पाऊस व हिमवृष्टी झाली आणि काही स्पर्धकांची सुटका बचाव पथकांना करावी लागली. वजन वाचवण्याच्या मोहाची किंमत अशा दिवशी कळते.

पिसांची स्लीपिंग बॅग वजनाच्या मानाने अतिशय उबदार असते, पण भिजली की तिची ऊब जवळपास नाहीशी होते. कृत्रिम धाग्यांची बॅग जड असली तरी ओलीतही काही ऊब देते. पिसांची घेतल्यास ती जलरोधक पिशवीत ठेवणे अनिवार्य आहे. निवाऱ्यासाठी तंबू, ताडपत्री किंवा अंगाभोवतीची जलरोधक खोळ यांपैकी एक निवडतात. खोळ सर्वांत हलकी, पण सततच्या पावसात तिच्यात कपडे बदलणेही होत नाही. काही स्पर्धक निवारा घेतच नाहीत आणि लॉजवर भिस्त ठेवतात. वन शिबिरांच्या शौचालयांत रात्र काढल्याच्या हकिकती त्यांच्याच असतात. झोपेचे कोरडे कपडे दिवसा कितीही थंडी वाजली तरी न वापरण्याचा दंडक अनुभवी मंडळी पाळतात.

पावसाळी जाकीट व विजार यांइतकेच महत्त्व जलरोधक हातमोज्यांना आहे. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबता येत नाही, पिशवीची चेन उघडत नाही आणि जवळ असलेले उबदार जाकीटही बाहेर काढता येत नाही. म्हणून प्रत्येक बंद, गाठ व बकल गारठलेल्या हातांनी उघडते की नाही, हे घरी पाहून ठेवावे.

पाणी, अन्न आणि अस्वले

वायोमिंगमधील ग्रेट डिव्हाइड खोऱ्यातले पाणी कोणत्याही समुद्रास मिळत नाही. अटलांटिक सिटी या छोट्या वस्तीपासून रॉलिन्सपर्यंत सुमारे २०० किलोमीटरच्या या टप्प्यात सावली जवळजवळ नाही, पाण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि समोरचा वारा एका दिवसाचे दोन दिवस करू शकतो. तेथे चार ते सहा लिटर पाणी वाहण्याची सोय लागते. न्यू मेक्सिकोत गुरांनी घाण केलेले पाणी भेटते, म्हणून गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या हव्यात.

अन्न मुख्यतः पेट्रोल पंपांवरील दुकानांतून मिळते. गावे लवकर झोपी जातात. दुकानाच्या वेळा टिपून ठेवल्या नाहीत तर बंद दारापुढे रात्र काढावी लागते. उत्तर भागात ग्रिझली व काळी अस्वले असल्याने अस्वलरोधक फवारा हाताच्या अंतरावर ठेवतात आणि अन्न झोपण्याच्या जागेपासून दूर, उंचावर टांगतात. हा फवारा विमानातून नेता येत नाही, तो बॅन्फला पोहोचल्यावर विकत घ्यावा लागतो.

दिशादर्शनासाठी जीपीएस उपकरण आणि फोनमध्ये उतरवलेला नकाशा पुरतो. मोबाइलची सेवा दीर्घ टप्प्यांत नसते, त्यामुळे उपग्रहाद्वारे ठावठिकाणा व मदतीचा संदेश पाठवणारे यंत्र आवश्यक मानतात. रस्त्यावर गाड्या तुरळक असल्या तरी धोका संपत नाही. २०१० मध्ये कोलोरॅडोत एका स्पर्धकाचा पिकअप ट्रकशी टक्कर होऊन मृत्यू झाला. कच्च्या उतारावरील अंध वळणांवर वेग आवरणे आणि आपल्या बाजूने चालणे, यास पर्यायी साधन नाही.

शरीराची आणि सामानाची चाचणी

बहुतेक जण थकव्यापेक्षा लहान दुखण्यांनी बाद होतात. बसण्याच्या जागी होणारी गळवे, टाचेच्या स्नायुबंधाची सूज, गुडघेदुखी आणि हँडलवरील दाबाने करंगळी-अनामिकेस येणारी बधिरता ही त्यांतील नेहमीची. त्यामुळे सीटची उंची, हँडलची ठेवण व बूट यांत शेवटच्या आठवड्यात बदल करणे अनिष्ट मानले जाते. सरावात एका दिवसाच्या मोठ्या फेरीपेक्षा सलग तीन-चार दिवसांच्या भारित फेऱ्या अधिक उपयोगी पडतात, कारण दुखणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. निदान एक रात्र मुद्दाम पावसात, पूर्ण सामानासह, बाहेर काढावी. त्या रात्री जी वस्तू वापरली गेली नाही ती घरी ठेवता येते का, याचा विचार करावा. मात्र प्रथमोपचार साहित्य, पावसाळी कपडे आणि संदेशयंत्र यांना ही कसोटी लावू नये.

भारतीय पारपत्रधारकास कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांचे व्हिसा काढावे लागतात, कारण मार्ग रूझविल येथे सीमा ओलांडतो. परतीची व्यवस्थाही आधीच ठरवावी लागते. अँटिलोप वेल्स हे गाव नसून केवळ सीमानाका आहे. तेथे लॉज नाही, खानावळ नाही, आणि जवळची वस्ती असलेले हॅचिटा सुमारे ७० किलोमीटर मागे राहिलेले असते. नेण्यास कोणी न आल्यास शर्यत पूर्ण केलेल्या स्पर्धकास त्याच रस्त्याने पुन्हा सायकल हाकत जावे लागते.