बॅरी बाँड्स

बॅरी लामार बाँड्स (जन्म: २४ जुलै, इ.स. १९६४; रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया) हे अमेरिकेचे निवृत्त बेसबॉल खेळाडू आहेत. डावखुरे फलंदाज आणि लेफ्ट फील्डचे आउटफिल्डर म्हणून ते मेजर लीग बेसबॉलमध्ये इ.स. १९८६ ते १९९२ या काळात पिट्सबर्ग पायरेट्सकडून, तर १९९३ ते २००७ या काळात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळले. संपूर्ण कारकिर्दीत ७६२ आणि एका हंगामात ७३ होम रन असे दोन्ही विक्रम त्यांच्या नावावर आहेत. नॅशनल लीगच्या सर्वाधिक मूल्यवान खेळाडूचा पुरस्कार त्यांना सात वेळा मिळाला. इतक्या वेळा तो अन्य कोणालाही मिळालेला नाही. असे असूनही उत्तेजक द्रव्यांच्या वापराच्या आरोपांमुळे त्यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालेले नाही.

पार्श्वभूमी

बाँड्स यांचे वडील बॉबी बाँड्स हेही मेजर लीगमधील नामवंत आउटफिल्डर होते. बॉबी यांचे जायंट्स संघातील सहकारी आणि त्या पिढीतील अग्रगण्य खेळाडू विली मेज हे बॅरी यांचे धर्मपिता. त्यामुळे त्यांचे बालपण जायंट्सच्या खेळाडूंच्या सहवासात गेले. इ.स. १९८२ मध्ये जायंट्सनेच त्यांची निवड केली होती. परंतु मानधनाच्या रकमेवर एकमत न झाल्याने त्यांनी अॅरिझोना स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. १९८५ च्या निवडप्रक्रियेत पायरेट्सने त्यांना सहाव्या क्रमांकावर घेतले आणि ३० मे १९८६ रोजी ते मेजर लीगमधील पहिला सामना खेळले.

पिट्सबर्ग पायरेट्स

आरंभीच्या काळातील बाँड्स हे केवळ जोरकस फटक्यांसाठी ओळखले जात नव्हते. सडपातळ बांध्याचा, वेगवान, बेस चोरण्यात तरबेज आणि क्षेत्ररक्षणात चपळ असा हा खेळाडू होता. क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यांनी एकूण आठ वेळा मिळवला. १९९० आणि १९९२ मध्ये ते सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरले. या वर्षांत पायरेट्सने सलग तीनदा आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला, परंतु प्रत्येक वेळी लीगच्या अंतिम मालिकेत संघ पराभूत झाला. १९९२ च्या मालिकेतील सातव्या सामन्यात अटलांटा ब्रेव्ह्जचे सिड ब्रीम अखेरच्या क्षणी होम प्लेटकडे धावत असता लेफ्ट फील्डमधून बाँड्स यांनी फेकलेला चेंडू किंचित उशिरा पोहोचला आणि पायरेट्सचे आव्हान संपले. पायरेट्ससाठी बाँड्स यांचा तो अखेरचा सामना ठरला.

सहकारी आणि पत्रकार यांच्याशी त्यांचे संबंध याच काळापासून ताणलेले होते. १९९१ च्या सराव शिबिरात व्यवस्थापक जिम लेलँड यांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर खडसावल्याचे दृश्य देशभर दाखवले गेले. पुढे वृत्तपत्रांतून त्यांची जी प्रतिमा उभी राहिली, तिच्यात या तुसडेपणाच्या ख्यातीचा वाटा मोठा होता.

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स

डिसेंबर १९९२ मध्ये जायंट्सने बाँड्स यांच्याशी सहा वर्षांसाठी ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. बेसबॉलमधील तोपर्यंतचा तो सर्वांत मोठा करार होता. वडिलांचा २५ हा क्रमांक त्यांनी येथे धारण केला. पहिल्याच हंगामात ०.३३६ च्या सरासरीने ४६ होम रन काढून त्यांनी तिसऱ्यांदा सर्वाधिक मूल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळवला. १९९६ मध्ये ४२ होम रन आणि ४० चोरलेले बेस अशी कामगिरी करून एकाच हंगामात दोन्ही बाबतींत चाळिशी गाठणारे ते दुसरे खेळाडू ठरले. ऑगस्ट १९९८ मध्ये त्यांनी कारकिर्दीतील ४०० वा होम रन काढला. त्यापूर्वीच ४०० हून अधिक बेस चोरलेले असल्याने असा दुहेरी टप्पा गाठणारे ते पहिले खेळाडू झाले.

प्रतिस्पर्ध्यांना त्यांची किती धास्ती होती, याचे बोलके उदाहरण त्याच वर्षीच्या २८ मे रोजी घडले. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू वैध पट्ट्याबाहेर टाकल्यास फलंदाजाला पहिला बेस आपोआप मिळतो. यास वॉक म्हणतात. धोकादायक फलंदाजाला फटका मारण्याची संधीच मिळू नये म्हणून असा वॉक कधी कधी जाणूनबुजून दिला जातो. मात्र तिन्ही बेसवर धावपटू असताना वॉक देणे म्हणजे प्रतिपक्षाला एक धाव बहाल करणे. अॅरिझोना डायमंडबॅक्स संघ नवव्या डावात ८-६ असा पुढे असताना व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी नेमके हेच केले. दोन फलंदाज बाद झालेले होते आणि तिन्ही बेस भरलेले होते. बाँड्स यांच्या वॉकमुळे गुणसंख्या ८-७ झाली, पुढील फलंदाज बाद झाला आणि अॅरिझोनाने सामना जिंकला.

विक्रमांचा काळ

१९९८ मध्ये मार्क मॅग्वायर यांनी ७० आणि सॅमी सोसा यांनी ६६ होम रन काढले आणि सर्व देशाचे लक्ष या दोघांकडे वळले. त्यानंतरच्या वर्षांत बाँड्स यांची शरीरयष्टी लक्षणीयरीत्या भरदार झाली. वयाच्या पस्तिशीनंतर बहुतेक फलंदाजांची कामगिरी उतरणीला लागते. बाँड्स यांच्या बाबतीत उलटे घडले. २००० पर्यंत एका हंगामात ५० होम रनही न काढलेल्या या खेळाडूने २००१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ७३ होम रन काढले.

२००१ ते २००४ अशी सलग चार वर्षे सर्वाधिक मूल्यवान खेळाडूचा पुरस्कार त्यांनाच मिळाला. २००२ मध्ये ०.३७० च्या सरासरीसह ते प्रथमच लीगचे अव्वल फलंदाज ठरले. त्याच वर्षी ते कारकिर्दीतील एकमेव वर्ल्ड सीरीज खेळले. त्यांनी तिच्यात चार होम रन काढले, परंतु अॅनाहाइम एंजल्सने ही मालिका ४-३ अशी जिंकली. २००४ मधील आकडे आजही अविश्वसनीय वाटतात: एकूण २३२ वॉक, त्यांपैकी १२० जाणूनबुजून दिलेले. फलंदाजीला आल्यावर दर दहापैकी सहा वेळा ते बाद न होता बेसवर पोहोचत होते. या हंगामात त्यांनी काढलेले ४५ होम रन हे टाकल्या गेलेल्या मोजक्याच खेळण्याजोग्या चेंडूंवरचे होते, ही बाब नुसत्या बेरजेत दिसत नाही.

बाल्को प्रकरण

सप्टेंबर २००३ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळील बाल्को या प्रयोगशाळेवर छापा घातला. चाचणीत न सापडणारी स्टिरॉइड द्रव्ये खेळाडूंना पुरवल्याचा या प्रयोगशाळेवर आरोप होता. बाँड्स यांचे व्यायाम प्रशिक्षक ग्रेग अँडरसन हेही आरोपींमध्ये होते. डिसेंबर २००३ मध्ये ग्रँड ज्युरीसमोर बाँड्स यांनी सांगितले की, अँडरसन यांनी दिलेला द्रव पदार्थ आणि मलम त्यांनी वापरले. मात्र ते अनुक्रमे जवसाचे तेल व सांधेदुखीवरील औषध असल्याचा त्यांचा समज होता. जाणीवपूर्वक उत्तेजके घेतल्याचा त्यांनी इन्कार केला. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाने ही गोपनीय साक्ष पुढील वर्षी प्रसिद्ध केली. २००६ मध्ये त्याच दैनिकाच्या दोन वार्ताहरांनी ‘गेम ऑफ शॅडोज’ या पुस्तकातून बाँड्स यांनी १९९८ नंतर उत्तेजकांचा नियमित वापर केल्याचा दावा केला.

१५ नोव्हेंबर २००७ रोजी त्यांच्यावर खोटी साक्ष आणि न्यायदानात अडथळा यांचे आरोप ठेवण्यात आले. हा खटला उत्तेजके घेतल्याबद्दल नव्हता, तर त्यांविषयी शपथेवर दिलेल्या उत्तरांबद्दल होता. हा फरक पुष्कळदा विसरला जातो. अँडरसन यांनी बाँड्स यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास सातत्याने नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवासही पत्करला. एप्रिल २०११ मध्ये ज्युरीचे खोट्या साक्षीच्या तीन आरोपांवर एकमत झाले नाही. न्यायदानात अडथळा आणल्याच्या एका आरोपात मात्र बाँड्स दोषी ठरले. इंजेक्शनविषयीच्या प्रश्नाला थेट उत्तर न देता ते आपल्या बालपणाविषयी बोलत राहिले, एवढाच या आरोपाचा आधार होता. त्यांना ३० दिवसांची गृहकैद आणि दोन वर्षांची परिवीक्षा अशी शिक्षा सुनावण्यात आली. एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १० विरुद्ध १ मतांनी ही दोषसिद्धी रद्द केली आणि सरकारने प्रकरण पुढे नेले नाही.

७५६ वा होम रन

हँक एरन यांचा ७५५ होम रनांचा विक्रम १९७६ पासून अबाधित होता. ७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वॉशिंग्टन नॅशनल्सचे पिचर माइक बॅसिक यांच्या चेंडूवर बाँड्स यांनी तो मोडला. घरच्या मैदानावर जल्लोष झाला. एरन यांचा अभिनंदनपर संदेश पडद्यावर दाखवण्यात आला. बेसबॉलचे आयुक्त बड सेलिग मात्र उपस्थित नव्हते, आणि इतर शहरांतील मैदानांवर बाँड्स यांची हुर्यो उडवली जात होती. हा चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको यांनी साडेसात लाखांहून अधिक डॉलरना विकत घेतला आणि त्याचे काय करावे यावर लोकांची मते मागवली. सर्वाधिक लोकांच्या कौलानुसार त्यावर तारांकनाची खूण उमटवून तो हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयाला देण्यात आला. अधिकृत विक्रमनोंदीत मात्र ७६२ या आकड्यापुढे कोणतीही खूण नाही.

२००७ च्या हंगामात २८ होम रन काढूनही जायंट्सने त्यांच्याशी नवा करार केला नाही. किमान वेतनावर खेळण्याची तयारी दर्शवूनही २००८ मध्ये अन्य एकाही संघाने त्यांना घेतले नाही.

हॉल ऑफ फेम

निवडीसाठी बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मते आवश्यक असतात. २०१३ मध्ये बाँड्स यांना ३६.२ टक्के मते मिळाली. उत्तेजकांचा सुळसुळाट झाला त्या काळातील आयुक्त सेलिग यांची डिसेंबर २०१६ मध्ये स्वतंत्र समितीने निवड केल्यानंतर अनेक मतदारांनी आपली भूमिका बदलली, आणि बाँड्स यांची मते प्रथमच निम्म्यावर गेली. त्यांच्या समर्थकांच्या मते १९९८ पर्यंतची कामगिरीच या सन्मानासाठी पुरेशी आहे. विरोधक मात्र निवडीच्या नियमांतील सचोटी व चारित्र्य या निकषांकडे बोट दाखवतात. २०२२ मधील दहाव्या आणि अखेरच्या प्रयत्नात त्यांना ६६ टक्के मते पडली.

दरम्यान जायंट्सने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांचा २५ क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. हॉल ऑफ फेमच्या विशेष समितीपुढे त्यांचे नाव डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२५ मध्ये आले. दोन्ही वेळा ते फेटाळले गेले. दुसऱ्या वेळी निवड झाली ती जेफ केंट यांची. जायंट्समधील या सहकाऱ्याशी २००२ मध्ये सामना सुरू असताना डगआउटमध्येच बाँड्स यांची झटापट झाली होती. पाचपेक्षा कमी मते मिळालेल्या उमेदवाराचे नाव नव्या नियमानुसार लगतच्या फेरीत घेता येत नाही. त्यामुळे बाँड्स यांचा विचार आता २०३१ पूर्वी होऊ शकणार नाही.