अठरा पूर्ण झाले, आता मदत कोणाकडून? तरुणांचं मानसिक आरोग्य आणि महापालिकेचा पैसा

फेब्रुवारी महिना आला की महापालिकेच्या बजेटची चर्चा सुरू होते. रस्ते किती, पूल किती, पाणीपट्टी वाढणार का, या बातम्या सगळीकडे दिसतात. पण शहरातल्या १८ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या मानसिक आरोग्यासाठी महापालिका किती पैसे ठेवते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारला तरी उत्तर पटकन सापडत नाही. असं का होतं, कायद्याने ही जबाबदारी कोणाची आहे आणि शहराला नेमकं काय करता येतं, ते समजून घेऊया.

हेच वय महत्त्वाचं का?

मानसिक आजार बहुतेकदा तरुणपणातच डोकं वर काढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जवळपास निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात चोविसाव्या वर्षापर्यंत होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले सुमारे एक तृतीयांश लोक १८ ते ३० या वयोगटातले होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२ हजार ७४६ आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात झाली.

उपचार मिळण्याचं चित्रही चांगलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात आढळलं की, वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मोठ्या शहरांत आजाराचं प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त होतं.

अठरानंतर मदत कुठे तुटते?

लहान मुलांसाठी सरकारी योजना बऱ्यापैकी आहेत. अडचण वय वाढल्यावर येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंत चालतो. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे. त्यात मानसिक आरोग्याचाही समावेश आहे, पण एकोणीसनंतर तोही संपतो.

बालगृहात वाढलेल्या मुलांचं आणखी अवघड होतं. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार १८ पूर्ण झाले की बालगृह सोडावं लागतं. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण सेवेची तरतूद आहे. म्हणजे ज्यांच्या मागे घर नाही, आईवडील नाहीत, त्यांनी तीन वर्षांत नोकरी, खोली आणि स्वतःचं मन, सगळं सावरायचं.

विद्यार्थ्यांना अलीकडे थोडा आधार मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा, असं त्यात म्हटलं आहे. शाळा-कॉलेजांबरोबर कोचिंग क्लासेसही त्यात येतात. पण जो कॉलेजात नाही, त्याचं काय? डिलिव्हरीचं काम करणारा, गावाकडून येऊन नाक्यावर काम शोधणारा, घरातून हाकलला गेलेला एखादा ट्रान्सजेंडर तरुण, व्यसनातून बाहेर पडू पाहणारी मुलगी. या मुलांना कोणत्याही संस्थेचं छत नसतं. त्यांच्या सगळ्यात जवळचं सरकार म्हणजे महापालिका.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार, सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा लाभ घेणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. नुसती डॉक्टरांची भेट आणि गोळ्या एवढाच त्याचा अर्थ नाही. आजारातून सावरणाऱ्यांसाठी तात्पुरता निवारा, पुनर्वसन, घरी जाऊन दिलेली सेवा हेही त्यात येतं. उपचारासाठी कोणाला लांब प्रवास करावा लागू नये, दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर व्यक्तीला मोफत सेवा मिळावी, असंही याच कलमात आहे.

अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सज्ञान व्यक्ती उपचाराचा निर्णय स्वतः घेऊ शकते. समुपदेशकाला भेटण्यासाठी आईवडिलांची सही लागत नाही आणि आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही तिला आहे.

मात्र या कायद्यात एक मेख आहे. सेवा पुरवण्याची जबाबदारी ‘समुचित शासना’वर आहे, आणि समुचित शासन म्हणजे केंद्र किंवा राज्य सरकार. महापालिकेचं नाव त्यात नाही.

मग महापालिका सुटते का?

नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहरी स्थानिक संस्थांकडे देता येतील असे १८ विषय त्यात आहेत. सार्वजनिक आरोग्य हा त्यातला एक. दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण हाही त्यातलाच. शिवाय मुंबई महापालिकेसाठी १८८८ चा कायदा आहे आणि त्यानुसार रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे.

थोडक्यात, आरोग्य ही शहराची जबाबदारी आहे हे कायद्याने मान्य आहे. पण त्यात मानसिक आरोग्यासाठी किती आणि तरुणांसाठी किती, हे कुठल्याच कायद्याने ठरवून दिलेलं नाही. ते प्रत्येक महापालिकेच्या इच्छेवर सोडलेलं आहे.

पैसा येतो कुठून, जातो कुठे?

शहरात मानसिक आरोग्यावर होणारा सरकारी खर्च साधारण तीन वाटांनी येतो.

पहिली वाट राज्य सरकारची. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्य चालवतं. गंभीर आजारासाठी ती आवश्यकच आहेत. पण नोकरी गेल्यापासून झोप न लागणारा बावीस वर्षांचा मुलगा तिथे जाणार नाही. त्याला तिथे जायची गरजही नसते.

दुसरी वाट केंद्राची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही मोफत फोनसेवा सुरू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात ५० हजार लोकवस्तीमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असं ठरलं. मुंबईसह सात महानगरांत हे अभियान महापालिकांमार्फतच राबवायचं होतं. वस्तीजवळ मानसिक आरोग्यसेवा द्यायची तर सगळ्यात सोयीची जागा हीच.

तिसरी वाट महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीची. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट सुमारे ७४ हजार ४०० कोटी रुपयांचं होतं. त्यातला साधारण दहावा हिस्सा आरोग्यासाठी होता. केईएम, शीव, नायर आणि कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं. तिथल्या मानसोपचार विभागांत अनुभवी डॉक्टर आहेत आणि उपचार अगदी कमी खर्चात होतात. खासगी समुपदेशकाकडे एका तासाला हजार-दोन हजार रुपये सहज जातात, त्या तुलनेत हा मोठाच आधार.

पण या विभागांचा खर्च रुग्णालयाच्या एकूण पगार, औषधं आणि देखभालीच्या खर्चात मिसळलेला असतो. त्यामुळे मानसिक आरोग्यावर नेमके किती रुपये गेले, हे सामान्य माणसाला बजेट चाळून कळत नाही. जो आकडा दिसत नाही, तो कमी झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मोठं रुग्णालय पुरेसं का नाही?

बहुतेक सरकारी ओपीडी सकाळी असतात. केसपेपर काढायला रांग, मग डॉक्टरांसमोर रांग, मग औषधाच्या खिडकीवर रांग. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो. समुपदेशन एका भेटीत संपत नाही, आठ-दहा वेळा यावं लागतं. म्हणजे आठ-दहा दिवसांची मजुरी बुडते. म्हणून सेवा मोफत असली तरी ती परवडतेच असं नाही.

तरुणांसाठी अधली पायरी हवी असते. घराजवळचा दवाखाना, संध्याकाळची वेळ, बोलायला प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था. यासाठी इमारतींपेक्षा माणसांवर खर्च करावा लागतो. समुपदेशक आणि समाजसेवक दर वर्षी नव्या कंत्राटावर आले, तर विश्वासाने बोलू लागलेला तरुण पुन्हा गप्प होतो.

शहराने ठरवलं तर काय होतं?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या काळात ‘थ्राइव्ह एनवायसी’ ही योजना आली. चार वर्षांसाठी सुमारे ८५ कोटी डॉलर ठरवण्यात आले. बेघर तरुणांच्या निवारा केंद्रांतच मानसिक आरोग्यसेवा देणं हा त्यातला एक भाग होता. २०१८ मध्ये शहराने कायदा करून अशा केंद्रांची वयोमर्यादा २१ वरून २४ पर्यंत वाढवण्याची वाट मोकळी केली.

या योजनेवर टीकाही भरपूर झाली. इतका पैसा जाऊन फरक किती पडला, याचं मोजमाप कुठे आहे, असा प्रश्न २०१९ मध्ये जोरात विचारला गेला. पण तो विचारता आला, कारण योजनेला नाव होतं आणि पैशाचा आकडा जाहीर होता.

आपल्याकडे काय करता येईल?

वाटा आहेत. राज्य सरकारच्या आदेशांनुसार महापालिकांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी ठेवायचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजारही २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात धरला आहे. म्हणजे दीर्घ मानसिक आजार असलेल्या आणि तसं प्रमाणपत्र मिळालेल्या तरुणांसाठी हा निधी मागता येतो. रॅम्प आणि सायकलींच्या पुढे या निधीचा विचार फारसा होत नाही, हा भाग वेगळा.

माहिती अधिकार कायदा, २००५ खाली कोणीही महापालिकेला विचारू शकतं: मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? किती दवाखान्यांत समुपदेशन मिळतं आणि कोणत्या वेळेत? गेल्या वर्षी १८ ते २५ वयाचे किती रुग्ण आले? साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हे प्रश्न सभागृहात मांडणं हे नगरसेवकाचं काम. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार पाहत होते. बजेट मांडणारे आणि मंजूर करणारे एकच असले, की असे प्रश्न विचारणारं कोणी उरत नाही. म्हणून मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला गटाराच्या झाकणाबरोबर हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

मदत हवी असेल तर

स्वतःला किंवा ओळखीतल्या कोणाला मानसिक त्रास होत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं. मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल, तर ११२ वर फोन करावा किंवा त्या व्यक्तीला एकटं न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावं.